क्रिप्टो वॉलेटचा बॅकअप कसा घ्यायचा आणि मुख्य म्हणजे तो परत कसा उघडायचा

मागच्या पावसाळ्यात रात्री साडेअकराला मावसभावाचा फोन. दादा, मोबाईल पाण्यात गेला, बिटकॉइन होते त्यात. मी म्हटलं मोबाईलमध्ये नसतात रे बिटकॉइन, ते बारा शब्द लिहून ठेवलेत का कुठे? तर म्हणे हो, ताईच्या लग्नपत्रिकेच्या मागे. मी म्हटलं मग झोप, उद्या ये. दुसऱ्या दिवशी पठ्ठ्या पत्रिका घेऊन आला आणि ती उलटी केल्यावर माझीच झोप उडाली, कारण बाराच्या बारा शब्द त्याने देवनागरीत लिहिलेले. का? तर चोराला मराठी वाचता येत नाही म्हणून!

त्या दिवशी दुपारचे चार तास त्यात गेले. पैसे मिळाले शेवटी, पण त्या चार तासांत जे जे घोळ निस्तरले ते सगळे बॅकअप घेतानाच टाळता आले असते, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी आपण नक्की कशाचा बॅकअप घेतोय ते

वॉलेट हे नावच फसवं आहे. वॉलेटमध्ये कॉइन नसतात, कॉइनची नोंद ब्लॉकचेनवर, म्हणजे सगळ्या नेटवर्कच्या सामायिक वहीत असते आणि तुमच्याकडे असते फक्त ती नोंद हलवायची किल्ली, म्हणजे प्रायव्हेट की. ते बारा किंवा चोवीस शब्द म्हणजे त्या सगळ्या किल्ल्या जिच्यातून निघतात ती मूळ किल्ली. मोबाईल फुटला, ॲप डिलीट झालं, वॉलेट बनवणारी कंपनी बंद पडली तरी शब्द असले की सगळं परत येतं. आणि शब्द दुसऱ्याला मिळाले की त्याला तुमचा मोबाईल, पिन, ओटीपी काहीच लागत नाही.

तुमचे कॉइन जर एक्स्चेंजच्या (कॉइन विकत घ्यायच्या-विकायच्या कंपनीच्या) ॲपमध्ये पडून असतील तर तुमच्याकडे बारा शब्द नसतातच, किल्ली त्यांच्याकडे. तिथे लॉगिन आणि टू-फॅक्टरचे बॅकअप कोड जपायचे एवढंच आपल्या हातात. जुलै 2024 मध्ये वझीरएक्स या एक्स्चेंजवरून सुमारे 23 कोटी डॉलरचे कॉइन चोरीला गेले तेव्हा ज्यांनी पासवर्ड अगदी नीट जपला होता त्यांचेही पैसे अडकलेच. हा लेख ज्यांनी कॉइन स्वतःच्या वॉलेटमध्ये काढलेत त्यांच्यासाठी.

शब्द लिहायचे कसे

बहुतेक वॉलेट बिप39 नावाची पद्धत वापरतात. 2048 इंग्रजी शब्दांची एक ठरलेली यादी आहे, अबँडनपासून झूपर्यंत, आणि तुमचे शब्द त्यातूनच येतात. यादी अशी निवडलीय की पहिली चार अक्षरं कुठल्याही दोन शब्दांची सारखी नाहीत. म्हणजे प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरं नीट असली की पुरे, बाकीचा शब्द पुसला गेला तरी चालतो. जपानी, कोरियन, स्पॅनिश, फ्रेंच अशा आणखी काही भाषांच्या याद्या आहेत, मराठी-हिंदीची नाही.

आता भावाची पत्रिका बघा. पाचवा शब्द 'वेस्ट', नववा शब्द 'वेट'. इंग्रजी यादीत वेस्ट दोन आहेत, एक कचरावाला डब्ल्यू-ए आणि एक पश्चिमवाला डब्ल्यू-ई. वेटही दोन, थांबायचा आणि ओला. 'सेल' असता तर तोही दोन निघाला असता, विकायचा एस-ई आणि शिडाचा एस-ए. देवनागरीत हे सगळं एकच. म्हणून शब्द रोमन लिपीत, सुटं सुटं, कॅपिटल अक्षरांत लिहा. अक्षरं जोडून लिहिलेल्या इंग्रजीत यू आणि एन, ए आणि ओ सहा महिन्यांनी स्वतःलाच कळत नाहीत.

प्रत्येक शब्दाला नंबर द्या. क्रम बदलला तर वॉलेट उघडत नाही, आणि दोन कॉलममध्ये लिहून ठेवलं की आडवं वाचायचं का उभं हे नंतर आठवत नाही. लिहून झाल्यावर स्क्रीनवरून वाचू नका, कागदावरून मोठ्याने वाचा (खोलीत एकटे असाल तर!) आणि स्क्रीनशी ताडा.

जेल पेन नको, पाणी लागलं की शाई पसरते, साधं बॉलपेन किंवा पेन्सिल घ्या. एटीएमच्या स्लिपसारखा थर्मल कागद तर अजिबात नको, तो आपोआप कोरा होतो. गावाकडे ट्रंकेत ठेवणार असाल तर वाळवीचा विचार करा, कोकणात असाल तर ओलीचा. कागद जिपलॉकच्या पिशवीत आणि ती स्टीलच्या डब्यात, एवढं तरी करा.

रक्कम मोठी असेल तर स्टीलवर कोरणं बेस्ट. तयार प्लेटी महाग मिळतात, पण अक्षरांचे पंच हार्डवेअरच्या दुकानात मिळतात आणि लग्नात आलेली एखादी स्टीलची ताटली घरात असतेच. बारा शब्दांची चार-चार अक्षरं म्हणजे जास्तीत जास्त अठ्ठेचाळीस ठोके, एका रविवारचं काम. ॲल्युमिनियम नको, ते 660 अंशाला वितळतं आणि घराला आग लागली तर तापमान त्याच्या वर जाऊ शकतं, स्टेनलेस स्टील साधारण 1400 पर्यंत टिकतं. आणि भांड्यांवर नावं कोरून देणाऱ्याकडे कृपा करून ही ताटली नेऊ नका. तो बिचारा प्रामाणिक असेलही, पण शब्द दुसऱ्याच्या डोळ्यांखालून गेले की बॅकअपला अर्थ राहत नाही.

फोटो काढायचा नाही, म्हणजे नाही

सगळ्यात जास्त लोक इथे चुकतात. स्क्रीनशॉट काढला की तो गॅलरीतून क्लाऊडवर जातो आणि दुसऱ्या फोनवर, टॅबवर, घरच्यांच्या शेअर अल्बममध्ये कुठेही उगवतो. स्वतःलाच व्हॉट्सॲप करणं, ईमेलच्या ड्राफ्टमध्ये ठेवणं, नोट्समध्ये 'स्वयंपाकाची रेसिपी' नावाने ठेवणं, सगळं त्याच माळेचे मणी. 2025 च्या सुरुवातीला कॅस्परस्की या अँटीव्हायरस कंपनीने स्पार्ककॅट नावाचं मालवेअर उघड केलं, ते गूगल प्ले आणि ॲपलच्या ॲप स्टोअरवरच्या काही ॲपमध्ये लपलेलं होतं आणि गॅलरीतले फोटो वाचून त्यात रिकव्हरी शब्द शोधत होतं. म्हणजे तुमची गॅलरी माणसाने चाळायचीही गरज नाही.

झेरॉक्सही नको. दुसरी प्रत हवीच आहे पण ती हाताने लिहा.

कुठे ठेवायचं आणि तुकडे करायचे का

दोन प्रती, दोन वेगळ्या इमारतींत. एक घरात, एक बँक लॉकरमध्ये किंवा आईवडिलांच्या घरी. एकाच कपाटाच्या दोन कप्प्यांत ठेवलं तर ती दोन ठिकाणं होत नाहीत.

पुष्कळ जण सहा शब्द इथे आणि सहा तिथे ठेवतात. दिसायला हुशारी, पण दोनपैकी कुठलाही कागद हरवला की खेळ खल्लास, आणि ज्याला अर्धे शब्द सापडले त्याचं उरलेलं काम बारा शब्दांपेक्षा कितीतरी हलकं झालं. तुकडेच करायचे असतील तर त्यासाठी शामिर बॅकअप नावाची वेगळी पद्धत आहे, ट्रेझरसारख्या काही हार्डवेअर वॉलेटमध्ये (किल्ल्या ठेवायचं पेनड्राईव्हसारखं वेगळं यंत्र) मिळते. त्यात वीस-वीस शब्दांचे समजा तीन कागद होतात, कुठलेही दोन आले की वॉलेट उघडतं आणि एकट्या कागदावरून काहीच कळत नाही. फक्त हे शब्द बिप39 वाल्या वॉलेटमध्ये चालत नाहीत, तेव्हा कुठल्या पद्धतीचे आहेत ते कागदावर लिहा.

आणि तो पासफ्रेज, ज्याला लोक तेरावा किंवा पंचविसावा शब्द म्हणतात. शब्दांवर आणखी एक स्वतःचा गुप्त शब्द लावायचा. फायदा असा की कागद चोरीला गेला तरी पैसे जात नाहीत. तोटा असा की पासफ्रेज चुकीचा टाकला तर 'चुकीचा' असं सांगायला कोणी नाही, प्रत्येक पासफ्रेज एक वेगळं वॉलेट उघडतो आणि तुमच्यापुढे येतं रिकामं वॉलेट. कॅपिटल-स्मॉल, मधली स्पेस, सगळं मोजलं जातं. मराठीत पासफ्रेज ठेवायचा मोह होतो, नका ठेवू, पुष्कळ हार्डवेअर वॉलेटवर देवनागरी टाइपच करता येत नाही. माझं प्रामाणिक मत, पहिल्या वर्षी पासफ्रेजच्या वाटेला जाऊच नका. चोरापेक्षा स्वतःच्या विसरभोळेपणाने गेलेले पैसे जास्त ऐकलेत मी. स्टीफन थॉमस नावाच्या प्रोग्रामरचे 7002 बिटकॉइन एका आयर्नकी पेनड्राईव्हमध्ये अडकले कारण पासवर्ड लिहिलेला कागद हरवला, आणि ती ड्राईव्ह दहा चुकीच्या प्रयत्नांनंतर कायमची लॉक होते. 2021 मध्ये त्याची गोष्ट छापून आली तेव्हा आठ प्रयत्न संपले होते.

शब्दांबरोबर आणखी काय लिहायचं

कागदावर नुसते शब्द असले तर दहा वर्षांनी कोडं होतं. खाली एवढं तरी लिहा: कुठल्या वॉलेट ॲपने बनवले, तारीख, कुठल्या चेनवर (बिटकॉइन, इथेरियम वगैरे) कॉइन आहेत, पासफ्रेज आहे का नाही (पासफ्रेज स्वतः नाही, फक्त आहे का ते) आणि पहिला रिसिव्हिंग ॲड्रेस, म्हणजे ज्यावर कॉइन येतात तो पत्ता. हा ॲड्रेस गुप्त नसतो, त्याने पैसे चोरता येत नाहीत, पण रिस्टोर करताना आपण बरोबर दारात उभे आहोत का हे तोच सांगतो.

शब्दांमध्ये न येणाऱ्या गोष्टीही असतात. मेटामास्क या वॉलेट ॲपमध्ये तुम्ही बाहेरून प्रायव्हेट की टाकून एखादं अकाउंट इम्पोर्ट केलं असेल तर ते बारा शब्दांतून परत येणार नाही, त्याची की वेगळी लिहायला लागते. मल्टिसिग (पैसे हलवायला एकापेक्षा जास्त किल्ल्या लागतात असं वॉलेट) असेल तर नुसते स्वतःचे शब्द पुरत नाहीत, बाकीच्यांच्या पब्लिक की सकट वॉलेटची पूर्ण कॉन्फिगरेशन फाईल लागते. आणि कॉम्प्युटरवरचं बिटकॉइन कोअर हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर तिथे बारा शब्दांचा प्रकारच नाही, त्याची वॉलेट फाईल असते, ती फाईल मेनूमधल्या बॅकअप वॉलेटने घ्यायची, चालू असताना फोल्डरमधून कॉपी मारायची नाही. 2016 च्या आधीच्या कोअरच्या फायली असतील तर एक भानगड लक्षात घ्या, तेव्हा किल्ल्या शंभर-शंभरच्या गठ्ठ्याने आधीच बनवल्या जायच्या, म्हणून फार जुन्या बॅकअपमध्ये नंतरच्या ॲड्रेसच्या किल्ल्या नसू शकतात. वेल्समधल्या न्यूपोर्टच्या जेम्स हॉवेल्सची हार्ड डिस्क 2013 मध्ये कचऱ्यात गेली आणि सुमारे 8000 बिटकॉइन अडकले, त्यालाही बारा शब्दांची सोय नव्हती, त्याने मायनिंग केलं (म्हणजे कॉम्प्युटर चालवून नवे कॉइन कमावले) 2009 मध्ये आणि बिप39 आलं 2013 मध्ये.

पैसे टाकायच्या आधी रंगीत तालीम

ही पायरी शंभरातले नव्वद लोक गाळतात असं माझं मत, आणि हीच सगळ्यात महत्त्वाची. नवीन वॉलेट बनवलं, शब्द लिहिले, आता त्यात चारपाचशे रुपयांचे कॉइन पाठवा, पहिला ॲड्रेस टिपून घ्या, आणि ॲप डिलीट करा. हो, खरंच डिलीट करा. मग परत टाका, 'आधीचं वॉलेट आहे' असा जो पर्याय असतो तो निवडा आणि फक्त कागद बघून शब्द भरा. तोच ॲड्रेस आला, तेच पैसे दिसले, की मोठी रक्कम पाठवायला हरकत नाही. ॲड्रेस ताडताना पहिली चार आणि शेवटची चार अक्षरं बघून सोडू नका, मिळतेजुळते ॲड्रेस बनवून फसवणारे आहेत, सगळा वाचा.

हार्डवेअर वॉलेट असेल तर पुसायची गरज नाही, ट्रेझर आणि लेजर दोघांकडे शब्द तपासून बघायची सोय आहे, शब्द डिव्हाईसवरच टाकायचे. लेजरचा पिन तीनदा चुकला की ते स्वतःला कोरं करून टाकतं, घाबरू नका, पैसे जात नाहीत, पण त्यानंतर सगळा भरवसा त्या कागदावर. म्हणून तालीम.

ही तालीम दर दिवाळीच्या साफसफाईला करतो मी, कपाट उपसलेलंच असतं.

आता खरा रिस्टोर

घाईत करू नका. ज्या दिवशी मोबाईल मेला त्या दिवशी पैसे कुठे पळत नाहीत, फोन चोरीला गेला असेल तर मात्र त्याच दिवशी रिस्टोर करून कॉइन नव्या वॉलेटमध्ये हलवा.

ॲप शोधताना सर्चमधली पहिली जाहिरात दाबू नका, नकली वॉलेट तिथेच असतात. कंपनीच्या अधिकृत साईटवरून स्टोअरच्या लिंकवर जा. अडचण आली म्हणून टेलिग्रामवर विचारलंत की दोन मिनिटांत कोणीतरी 'सपोर्ट टीम' तुम्हाला पर्सनल मेसेज करेल आणि 'वॉलेट व्हॅलिडेट' करायला शब्द मागेल. खरा सपोर्ट शब्द कधीच मागत नाही, शब्द मागितले की समोरचा चोर, विषय संपला. 2020 मध्ये लेजरच्या ग्राहकांचे पत्ते फुटल्यावर लोकांना घरपोच नकली डिव्हाईससुद्धा पाठवली गेली, तेव्हा घरी पत्र आलं म्हणून ते खरं असंही नाही.

भावाचे शब्द आम्ही असे भरले. दोन शब्द, प्रत्येकी दोन शक्यता, म्हणजे चार कॉम्बिनेशन. बारा शब्दांच्या शेवटच्या शब्दात एक छोटा चेकसम (सगळे शब्द जुळतात का हे ताडायचा आकडा) लपलेला असतो, त्यामुळे चुकीचं कॉम्बिनेशन सोळापैकी पंधरा वेळा ॲपच नाकारतं. आमची तीन नाकारली, चौथं घेतलं. एखादा शब्द पूर्णच गेला असेल पण जागा माहीत असेल तरीही आशा सोडू नका: 2048 शब्द आलटूनपालटून टाकले तर बारा शब्दांच्या फ्रेजमध्ये साधारण 128 पर्याय चेकसममधून पार होतात आणि चोवीसमध्ये जेमतेम आठ. बीटीसी रिकव्हर नावाचा ओपन सोर्स प्रोग्राम हे काम करतो, इंटरनेट काढलेल्या कॉम्प्युटरवर. ते जमत नसेल तर माहितगार घरचा माणूस शोधा, 'रिकव्हरी एक्स्पर्ट'ला उरलेले अकरा शब्द देऊ नका.

सगळे शब्द बरोबर असूनही ॲप इनव्हॅलिड म्हणत असेल तर ते शब्द बहुधा इलेक्ट्रम नावाच्या बिटकॉइन वॉलेटचे आहेत. इलेक्ट्रमचे बारा शब्द दिसतात तसेच पण त्यांची पद्धत स्वतःची आहे, ते इलेक्ट्रममध्येच टाका. उलट बिप39 चे शब्द इलेक्ट्रममध्ये टाकताना ऑप्शन्समध्ये जाऊन बिप39 वर टिक करावी लागते.

उघडलं, पण बॅलन्स झिरो

आमचंही हेच झालं. चौथं कॉम्बिनेशन घेतलं, भावाने टाळीसाठी हात वर केला आणि स्क्रीनवर झिरो. त्याचा चेहरा असा काही उतरला की मला पाणी आणायला उठावं लागलं.

झिरो म्हणजे पैसे गेले असं नाही. एकाच बारा शब्दांतून वेगवेगळ्या वाटांनी वेगवेगळे ॲड्रेस निघतात, त्या वाटेला डेरिव्हेशन पाथ म्हणतात. बिटकॉइनमध्ये 44 वाली वाट असेल तर ॲड्रेस 1 ने सुरू होतो, 49 असेल तर 3 ने, 84 असेल तर बीसी1क्यू ने आणि 86 असेल तर बीसी1पी ने. नवीन ॲप सहसा 84 धरून चालतं. मग भावाचा जुना ॲड्रेस कसा होता? तो कुठेच लिहिलेला नव्हता. पण त्याने कॉइन एक्स्चेंजवरून काढले होते, तिथे विथड्रॉवल हिस्टरीत ॲड्रेस असतोच, लॉगिन करून बघितलं तर 3 ने सुरू. इलेक्ट्रममध्ये परत शब्द टाकले, 'डिटेक्ट एक्झिस्टिंग अकाउंट्स' नावाचं बटण आहे ते दाबलं, त्याने 49 वाली वाट स्वतःच शोधून दिली आणि आले पैसे. पस्तीसेक हजारांचे होते. चार तासांचं चीज झालं.

तुमच्याकडे तसं नसेल तर पुढच्या शक्यता क्रमाने बघा. पासफ्रेज होता का? दुसरं-तिसरं अकाउंट बनवलं होतं का, कारण रिस्टोर करताना काही ॲप पहिलंच दाखवतात. इथेरियमसारख्या चेनवर टोकन असेल तर ते यादीत हाताने ॲड करावं लागतं, आणि पॉलिगॉन किंवा बीएनबी चेनवरचे कॉइन इथेरियमच्या नेटवर्कवर दिसणारच नाहीत, नेटवर्क बदलून बघा. बिटकॉइनमध्ये गॅप लिमिट नावाचीही गंमत आहे, ओळीने वीस ॲड्रेस रिकामे दिसले की वॉलेट पुढे शोधायचं थांबतं, म्हणून सेटिंगमध्ये आकडा वाढवून पुन्हा स्कॅन करायचं. जुना ॲड्रेस माहीत असेल तर तो आधी ब्लॉक एक्सप्लोररवर (ॲड्रेसची ब्लॉकचेनवरची नोंद दाखवणारी साईट) टाका, पैसे तिथे दिसत असतील तर निवांत राहा, फक्त वाट शोधायची राहिलीय.

मिळाल्यावर

शब्द जर कुठल्याही कॉम्प्युटरवर टाइप केले असतील, कोणा दुसऱ्याने पाहिले असतील, किंवा एकदा जरी फोटो काढला असेल तर नवीन वॉलेट बनवा, नवे शब्द घ्या आणि सगळे कॉइन तिकडे पाठवा. ॲपचा पासवर्ड बदलून उपयोग नाही, तो फक्त त्या एका फोनपुरता असतो, शब्द तेच राहतात.

लेबल, नोट्स, कोणाला किती पाठवले हे शब्दांतून परत येत नाही. एक्स्चेंजवरून खरेदीच्या नोंदींच्या सीएसव्ही फायली दर वर्षी उतरवून ठेवा. एप्रिल 2022 पासून नफ्यावर तीस टक्के कर आहे, तोटा वजा करता येत नाही, आणि खरेदीची किंमत दाखवता आली नाही तर त्रास आपल्यालाच.

घरच्यांसाठी एक साधं पत्र मराठीत लिहून ठेवा. त्यात शब्द नकोत, फक्त असं असं काहीतरी आहे, कागद कुठे आहे, घाईने कोणाला दाखवू नका आणि अमुक भावाला फोन करा, एवढंच. माझ्या बायकोने ते वाचून विचारलं की तो भाऊच पळाला तर? म्हणून आता त्यात दोन नावं आहेत.

मावसभावाने त्याच संध्याकाळी नवं वॉलेट बनवलं, माझ्यासमोर ॲप डिलीट करून परत उघडून दाखवलं, रोमन लिपीत. मग ती पत्रिका जाळायला निघाला. मी म्हटलं थांब, त्या जुन्या ॲड्रेसवर उद्या चुकून कोणी काही पाठवलं तर हीच लागेल. तिच्यावर 'रिकामं' आणि तारीख लिहिली, वेस्ट-वेटच्या पुढे बरोबर स्पेलिंग लिहिलं आणि परत कपाटात. शिवाय ताई म्हणाली असती माझी पत्रिका कुठंय.